जाळे विणण्यापूर्वी

(तरुण अभियंत्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



धरण असो, पूल असो वा यंत्राचा सांगाडा असो, त्याची मजबुती आज संगणकावर तपासली जाते. त्यासाठी वापरली जाणारी सान्त घटक पद्धती, म्हणजेच फायनाइट एलिमेंट मेथड, आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांचा या विषयावरील सुप्रसिद्ध निबंध 1956 साली प्रसिद्ध झाला आणि 1960 साली क्लफ यांनी या पद्धतीला तिचे आजचे नाव दिले. घनाकृतीचे लहान घटकांत विभाजन करावयाचे, प्रत्येक घटकाची समीकरणे मांडावयाची आणि ती एकत्र सोडवावयाची, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. घटकांच्या या विभागणीलाच आपण जाळे म्हणतो. जाळे विणण्यापूर्वी घनाकृती सिद्ध करण्याचे काम केवळ यांत्रिक आहे, असा समज पुष्कळदा आढळतो. वस्तुतः अभियंत्याच्या विवेकाची पहिली कसोटी तेथेच लागते.

आकृतीची शुद्धी

रेखाटन विभागाकडून येणारी आकृती वस्तू कशी घडवावी हे सांगण्यासाठी काढलेली असते. विश्लेषकाला मात्र बल कोणत्या वाटेने वाहते हे जाणून घ्यावयाचे असते. म्हणून प्रथम आकृती सर्व बाजूंनी बंद आहे की नाही, हे पाहावे. दोन पृष्ठांमध्ये सूक्ष्म फट राहिली, किंवा एकच पृष्ठ दोनदा उमटले, तर आतले कोणते व बाहेरचे कोणते हे संगणकाला कळत नाही. दोन भाग जेथे जोडलेले आहेत, तेथे त्यांचे पृष्ठ सामाईक करावे किंवा त्यांचा संबंध स्पष्टपणे नमूद करावा. अन्यथा डोळ्यांना एकसंध दिसणारी वस्तू गणितात सुटी राहते.

यानंतर निरर्थक बारकावे काढावेत. कोरलेली अक्षरे, बोल्टाचे आटे, दोन पृष्ठांच्या छेदातून उरलेली केसाएवढी पट्टी, यांमुळे जाळे विनाकारण दाट होते. घटकाची लांबी निम्मी केली की घन वस्तूतील घटकांची संख्या आठपट होते, हे ध्यानात ठेवावे. पातळ पत्र्याच्या वस्तूत जाडीभर घन घटक रचण्यापेक्षा मधले पृष्ठ घेऊन त्याला जाडी देणे बहुधा श्रेयस्कर ठरते. वस्तू सममित असेल तर तिचा अर्धा किंवा चौथा भाग पुरतो. पण केवळ आकार सममित असून भागत नाही, भार आणि आधारही तसेच असावे लागतात. आकृती गुंतागुंतीची असेल तर तिचे साध्या खंडांत विभाजन करावे. त्यामुळे सुबक षट्फलक घटक रचता येतात.

लहान म्हणजे क्षुल्लक नव्हे

येथेच खरा धोका संभवतो. रुंद पत्रा एका दिशेने ओढला असता त्यातील लहान गोल छिद्राच्या कडेशी प्रतिबल तिप्पट होते, हे किर्श यांनी 1898 साली दाखवून दिले. छिद्र आणखी लहान केले तरी हे प्रमाण तिप्पटच राहते. म्हणजे छिद्र लहान आहे एवढ्याच कारणाने ते बुजविणे शास्त्राला धरून नाही. ते बलाच्या वाटेवर आहे की वाटेपासून दूर आहे, हे पाहावे लागते. आतल्या कोपऱ्यातील गोलाईचेही तसेच आहे. ती काढून टाकून तीक्ष्ण कोपरा ठेवला, तर जाळे जितके दाट करावे तितके तेथील प्रतिबल वाढतच जाते आणि विश्वासार्ह आकडा कधीच हाती येत नाही.

कोयनेचा धडा

याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे झालेल्या भूकंपात 103 मीटर उंचीच्या कोयना धरणाला भेगा पडल्या. धरणाच्या खालच्या अंगाचा उतार वरच्या भागात एका पातळीवर एकाएकी बदलतो. त्या पातळीच्या आसपास दोन्ही पृष्ठांवर आडव्या भेगा आढळल्या. चोप्रा व चक्रवर्ती यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणातही तेथेच काँक्रीटच्या क्षमतेपलीकडचे ताण दिसून आले. जाळे सुलभ व्हावे म्हणून कोणी तो उताराचा बदल सरळ करून टाकला असता, तर धरणाचे मर्मस्थानच आकृतीतून नाहीसे झाले असते. पुढे खालच्या अंगाला टेकू-भिंतींचा आधार देऊन धरण बळकट करण्यात आले.

नॉर्वेतील अपघात

दुसरे उदाहरण नॉर्वेतील आहे. समुद्रातील तेल व वायू उत्पादनासाठी बांधलेल्या स्लाइप्नर-ए मंचाचा काँक्रीटचा पाया 23 ऑगस्ट 1991 रोजी स्टाव्हांगरजवळच्या गांड्सफियॉर्ड या खाडीत चाचणी चालू असता बुडाला. सुदैवाने त्यात प्राणहानी झाली नाही. आर्थिक हानी मात्र सुमारे 70 कोटी डॉलर्स इतकी झाली. पायातील गोल कोठ्या जेथे एकमेकींना भिडत, तेथील त्रिकोणी पोकळीच्या भिंतीतील कर्तन प्रतिबल सुमारे 47 टक्क्यांनी कमी आले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. तेथील जाळे विरळ होते आणि घटक तिरके होते. साहजिकच भिंत पातळ राहिली, पोलादी सळयांची योजनाही अपुरी पडली. संगणकाने समीकरणे सोडविली होती; परंतु जाळ्यामुळे त्या अवघड कोपऱ्याचे वर्तन त्यांत नीट उतरलेच नव्हते.

मित्रहो, यावरून काही साधे नियम निघतात. आकृतीतून जे काढले त्याची कारणांसह नोंद ठेवावी. शुद्ध केलेल्या आकृतीचे घनफळ काढून त्यावरून येणारे वजन मूळ वस्तूशी ताडून पाहावे. महत्त्वाच्या जागी जाळे दाट करून पुन्हा गणित करावे आणि उत्तर स्थिरावते का ते पाहावे. शेवटी हाताने मांडलेल्या ढोबळ हिशेबाशी त्याचा मेळ घालावा.

आज काही मिनिटांत आपोआप जाळे विणणाऱ्या संगणकप्रणाली उपलब्ध आहेत. ही मोठीच सोय आहे. परंतु काय ठेवावे आणि काय वगळावे, याची जबाबदारी कोणतीही प्रणाली आपल्या शिरावरून उतरवू शकत नाही. आपण तपासलेल्या धरणाखाली गावे वसलेली असतात आणि आपण तपासलेल्या पुलावरून मुले शाळेला जातात. त्यांची सुरक्षितता संगणकाच्या पडद्यावरील त्या पहिल्या आकृतीपासूनच सुरू होते, याचे भान आपण सर्वांनी राखावे, एवढीच माझी विनंती आहे.