खड्डा आम्ही खणला, कारण कुणी सांगितलं नाही

(वस्तीतल्या अभ्यासिकेत, वायरमन परवान्याच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांसमोर केलेलं भाषण)

दोस्तांनो,

भाषण करायची मला सवय नाही. सभेत स्टेजमागं उभं राहून माईकची वायर जोडायची, ही आपली जागा. आज तुम्ही पुढं ढकललंत म्हणून बोलतो.

परवान्याच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झालो तो तोंडीत. साहेबानं विचारलं, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा का टाकतात? मी गप्प. साला, आठ वर्षं मी तेच खड्डे खणत होतो! मिठाची गोणी माझ्या खांद्यावर, कोळसा माझ्या हाताला, प्लेट उतरवणारा मी, पाणी ओतणारा मी. आणि का, ते ठाऊक नाही. साहेबानं माझं आडनाव वाचून हसू दाबलं की उत्तर न आल्यामुळं, ते आजही सांगता येणार नाही. पण उत्तर येत नव्हतं हे खरं. ते लपवून काय मिळणार?

मिठानं मातीचा रोध कमी होतो. कोळसा ओल धरून ठेवतो. दोन वाक्यं. आठ वर्षांत ती कुणी सांगितली नाहीत, कारण ठेकेदाराला माझे हात हवे होते. त्याच्याकडं फार डोकं होतं असंही नाही. त्याच्याकडं कागद होता.

हा कागद काय आहे ते ऐका. 1956 च्या वीज नियमांत 45 वा नियम होता. बल्ब, पंखा, फ्यूज बदलणं सोडलं तर वायरिंगचं काम लायसनवाल्या ठेकेदारानंच घ्यायचं, प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरनं समोर उभं राहून करून घ्यायचं, आणि परवाना असलेल्यानंच हात लावायचा. ते नियम गेले, 2010 चे आले, आता 2023 चे आहेत. ही तीन पायऱ्यांची उतरंड तशीच आहे. उतरंड आपल्याला नवी नाही म्हणा. पण हिच्यात वर चढायला परीक्षा आहे.

आणि या तिघांच्या खाली, नियमात कुठंच नसलेला चौथा. हेल्पर. म्हणजे तुम्ही-आम्ही. आमच्या साइटवर एका पोराला शॉक बसला. मेन चालू होता. पोर वाचलं, पण उजवा हात गेला. ठेकेदार म्हणाला, हा माझा माणूसच नाही, याच्याकडं परवाना कुठाय? ज्या कामावर त्याची सही होती, तिथं आमचा घाम होता, नाव नव्हतं.

बाबासाहेब 1942 ते 1946 व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज त्याच खात्यात होती. देशाची वीज कशी उभारायची, याचा विचार करणाऱ्या धोरण समितीचे ते अध्यक्ष होते. आपण त्यांच्या फोटोला माळ घालतो, वर लायटिंग करतो, आणि ती लायटिंग करणारं पोर बिनपरवान्याचं!

तेव्हा गाइड घोकू नका. हजार वॅटचा गीझर 230 व्होल्टवर किती अँपियर ओढतो? साडेचारच्या आत. कसं, ते भागाकार करून दाखवा. मोटरच्या बॉडीला अर्थच्या दोन वेगळ्या जोडण्या का? एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. मेगरनं 500 व्होल्ट मिनिटभर लावले तर इन्सुलेशन किमान एक मेगाओहम दाखवलं पाहिजे. हाताला हे येतंय. तोंडाला आणायचंय. एकमेकांना ‘का’ विचारा, आईला समजावून सांगा. तिला कळलं तर साहेबाला कळेल.

आणि काम करताना आधी मेन बंद, फ्यूज काढून आपल्या खिशात, टेस्टर लावून बघायचं, मग हात. ठेकेदार घाई करतो म्हणून नाही.

दुसऱ्या खेपेला मी पास झालो. सुपरवायझरच्या परीक्षेची तयारी चालू आहे. रविवारी सकाळी सात वाजता इथंच. ज्याच्याकडं जुना लाकडी बोर्ड असेल त्यानं आणावा, वायर मी आणतो.


जय भीम.