घसादुखीनंतरचे तीन आठवडे



जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात एकामागून एक माणसांच्या पायांतलं बळ गेलं आणि जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, हा शब्द घराघरांत पोहोचला. रुग्ण दोनशेच्या वर गेले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. हा जंतू बिघडवतो पोट. पण त्याच्या आवरणातली शर्करेची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइडशी मिळतीजुळती असते. त्याच्यासाठी तयार झालेल्या अँटीबॉडीज मग मज्जातंतूंवरही चालून जातात. जुलाब थांबलेले असतात, माणूस कामावर रुजू झालेला असतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी त्याला जिना चढवत नाही.

पुण्याची निदान बातमी झाली. मला बोलायचंय ते अशाच रीतीने होणाऱ्या ऱ्हुमॅटिक फीवरबद्दल, ज्याची बातमी होत नाही.

शाळकरी मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, चार दिवसांत उतरतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो. तो उतरला की घोटा धरतो. घरचे म्हणतात, वाढीच्या वयात दुखतंच. तेवढ्यात घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या एम प्रथिनाशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांना इजा करत असते. वेळेवर पेनिसिलिन दिलं तर हे टळतं, हे अमेरिकेत वायोमिंगमधल्या हवाई दलाच्या तळावर रॅमेलकॅम्प आणि सहकाऱ्यांनी १९५० सालीच दाखवून दिलं. तरीही आज पंचविशीतली गरोदर बाई धाप लागून येते आणि तिची मायट्रल झडप आकसलेली निघते. याचा मला मनापासून राग येतो.

संसर्ग झालेल्या प्रत्येकाला असं होत नाही, हेही सांगायला हवं. मल्टिपल स्क्लेरॉसिसशी जोडला गेलेला एपस्टाइन-बार विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो, तो आजार मात्र फार थोड्यांना होतो. आनुवंशिकतेचा वाटा आहेच. शिवाय बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. सर्दी-खोकल्याच्या प्रत्येक मुलाला अँटिबायोटिक देऊ नका. पण खोकला नाही, ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, मानेतल्या गाठी दुखतात, अशा मुलाला नुसती तापाची गोळी देऊन वाटेला लावू नका. आणि सांधे धरलेलं मूल आलं तर आधी विचारा: मागच्या महिन्यात घसा दुखला होता का?

एकदा ऱ्हुमॅटिक फीवर येऊन गेला की तो उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिन, तेही वर्षानुवर्षं. इंजेक्शन दुखतं. पावडर पाण्यात कालवली की दाट, दुधट होते, बारीक सुईत अडकते. रिॲक्शनच्या भीतीने काही दवाखाने ते देतच नाहीत. ॲलर्जीची विचारपूस करा, ॲड्रेनलिन हाताशी ठेवा, इंजेक्शननंतर मुलाला अर्धा तास बसवून ठेवा. पण परत पाठवू नका.

बीडचं ऊसतोड कुटुंब दिवाळीनंतर फडावर निघालं की मुलाचे डोस चुकतात. म्हणून माझा प्रस्ताव आहे: अशा प्रत्येक मुलाकडे मराठीत लिहिलेलं एक कार्ड असावं, त्यावर मागच्या आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख असावी, आणि ते पाहून राज्यातल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राने पुढचा डोस द्यावा. कार्डाचा मसुदा तयार आहे. दुपारच्या सत्रात तो ठराव म्हणून येईल. त्यावर कसून चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा, आणि आजच मंजूर करा.