म्हशी भादरताना मशीन ओढतंय?
दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजून रस्त्यावर येतात. त्याआधी त्या भादरायच्या असतात. मशीन केस ओढायला लागलं, तर आधी दातांतले केस झाडा, दोन थेंब तेल सोडा. पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं. नाही भागलं तर पाती बघा. एखादं पातं सिरॅमिकचं असेल, तर ते बहुधा वरचं, हलणारं. खालचं पोलादी, आणि बोथट होतं ते सहसा तेच. त्याला खुशाल धार लावून घ्या. झिरकोनियाचं सिरॅमिक मात्र धारवाल्याच्या साध्या दगडाला दाद देत नाही, हिऱ्याची भुकटीच लागते. एवढा खटाटोप कशाला? नवंच बसवा. आणि पडून दाताचा टवका उडालेलं पातं जनावराच्या अंगाला लावूच नका, कातडी कापते.