घरातील चालींची नवी स्वरलिपी
(हीरक महोत्सवी कार्यक्रमात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लॅपटॉपला जोडावयाच्या मिडी कीबोर्डविषयी बोलावे, अशी सूचना आयोजकांकडून आली. विषय नवा वाटेल. परंतु त्यामागचा प्रश्न बडोद्याला नवा नाही. महाराजा सयाजीरावांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी १८८६ साली येथे गायनशाळा सुरू केली आणि गाणे कागदावर उतरवण्यासाठी एक स्वरलिपी सिद्ध केली. १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही याच नगरीत. गुरुमुखातले गाणे लेखी खुणांत बांधता येईल काय, आणि बांधले तर त्यातले काय हाती राहील व काय निसटेल, याचा विचार या शहरात शतकापूर्वीच झाला आहे. मिडी कीबोर्ड तोच प्रश्न आपल्या घरातील टेबलावर आणून ठेवतो.

एक गैरसमज आरंभीच दूर करू. बाजारात ‘मिडी कंट्रोलर’ म्हणून मिळणाऱ्या कीबोर्डातून आवाज येत नाही. त्यात भाता नाही, स्वरपट्ट्या नाहीत आणि बहुधा स्पीकरही नसतो. आपण पट्टी दाबली की तो संगणकाला केवळ निरोप पाठवतो: अमुक क्रमांकाची पट्टी, अमुक जोराने दाबली, आणि थोड्या वेळाने, ती सोडली. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. मध्य सप्तकातील पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. पांढरी एकचा षड्ज धरला, तर त्याचा पंचम ६७. दाबण्याचा जोरही १ ते १२७ या अंकांत मोजला जातो. या अंकांचे सतारीत, बासरीत वा पेटीत रूपांतर करण्याचे काम लॅपटॉपवरील सॉफ्टवेअरचे.

निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना परस्परांशी बोलता यावे म्हणून १९८३ साली ही समान भाषा ठरली. तिच्या सिद्धतेत अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांचा मोठा वाटा होता. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तार सप्तकातील स्वरावर बिंदू असतो. मिडीत त्या जागी अंक आहेत. म्हणजे मिडी हा ध्वनी नव्हे. ती स्वरलिपी आहे. एवढे ध्यानात ठेवले की पुढील बहुतेक अडचणी आपोआप उलगडतात.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. २५ पट्ट्यांचा कीबोर्ड दोन सप्तकांचा, ४९चा चार सप्तकांचा, ६१चा पाच सप्तकांचा. पेटी साधारण तीन-साडेतीन सप्तकांची असते. म्हणून पेटीवर हात बसलेल्यास ४९ पट्ट्या सोयीच्या पडतात. ८८ पट्ट्यांचा कीबोर्ड पियानो शिकणाऱ्यासाठी. मुलाने हट्ट धरला म्हणून सर्वांत मोठा आणण्याची गरज नाही.

बहुतेक कीबोर्ड यूएसबी केबलने जोडताच लॅपटॉप त्यांना ओळखतो आणि त्याच केबलमधून त्यांना वीजही मिळते. प्रथम कीबोर्ड जोडावा, मग सॉफ्टवेअर उघडावे. ॲपलच्या लॅपटॉपवर गॅरेजबँड विनामूल्य मिळते. विंडोज व लिनक्सवर एलएमएमएस. रीपर हे सशुल्क आहे, पण साठ दिवस वापरून पाहता येते. सॉफ्टवेअरमध्ये नवा ट्रॅक घ्यावा, त्यावर एखादे वाद्य निवडावे आणि निरोप आपल्या कीबोर्डकडूनच घ्यावयाचा आहे, याची सेटिंगमध्ये खात्री करावी.

आवाज आला नाही तर घाबरू नये. पट्टी दाबून पडद्यावरील दर्शक हलतो काय, ते पाहावे. दर्शक स्थिर असेल तर निरोप पोहोचलेलाच नाही: केबल केवळ चार्जिंगची असेल किंवा कीबोर्ड सेटिंगमध्ये निवडलेला नसेल. दर्शक हलतो आणि आवाज मात्र नाही, तर लिपी पोहोचली, वाचणारा गप्प आहे: वाद्य निवडायचे राहिले असेल, किंवा आवाज भलत्याच स्पीकरकडे जात असेल.

दुसरी अडचण विलंबाची. पट्टी दाबल्यावर स्वर किंचित मागाहून आला तर लय बिघडते आणि मुले लवकर कंटाळतात. संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी तयार करतो. त्या तुकड्याच्या आकारास ‘बफर’ म्हणतात. सेकंदास ४४,१०० नमुने या वेगाने १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, तर १२८चा म्हणजे सुमारे ३. वाजवताना बफर लहान ठेवावा. आवाज करकरू लागला तर एक पायरी वाढवावा. विंडोजवर ‘ॲसिओ’ प्रकारचा ड्रायव्हर घेतल्यास विलंब पुष्कळ उतरतो. ब्लूटूथ हेडफोन मात्र वाजवताना टाळावेत; त्यांचा विलंब हातांना जाणवतो. साधे तारेचे हेडफोन उत्तम.

पेटीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. पेटीत उजवा हात स्वर देतो आणि डावा हात भात्याने त्या स्वराचा श्वास सांभाळतो. कंट्रोलरवर भाता नाही, म्हणून पेटीचा आवाज निवडूनही वादन निर्जीव वाटते. कीबोर्डच्या डाव्या बाजूस बहुधा एक चाक असते. त्याला ११ क्रमांकाचा ‘एक्स्प्रेशन’ निरोप नेमून द्यावा आणि डाव्या हाताने ते भात्यासारखे हलवावे. ज्याने खरा भाता ओढला आहे, त्याला याचे मर्म सांगावे लागत नाही.

मुद्रणानंतर दुरुस्ती सोपी असते, कारण हाती ध्वनी नसून लेखन आहे. चुकलेला स्वर पडद्यावर उचलून योग्य जागी ठेवता येतो. पांढरी एकमध्ये वाजवलेली चाल काळी चारमध्ये न्यावयाची तर प्रत्येक अंकात ८ मिळवले की झाले. ‘क्वांटाइझ’ नावाची आज्ञा मात्र जपून वापरावी. ती प्रत्येक स्वर मात्रेच्या रेघेवर ओढून बसवते. आरती हळूहळू चढत्या लयीत जाते. तिला रेघेवर बसवले, तर तिचा उत्साहच निघून जातो.

येथे या लिपीची मर्यादाही सांगितली पाहिजे. कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग आहेत. त्यातील शुद्ध गांधार, तंबोऱ्यातून उमटणाऱ्या नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग. अशाच आक्षेपांमुळे १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली आणि ती तीन दशके टिकली. मिडीत मींड घेण्यासाठी स्वर वाकवणारे दुसरे चाक असते, पण सामान्य कीबोर्डवर ते त्या वेळी वाजणारे सर्व स्वर एकदम वाकवते. गळ्यातली मींड आणि चाकाची मींड यांतले अंतर ऐकणाऱ्याला कळतेच.

मग हा खटाटोप कशासाठी? नवरात्रात या शहरात गरबा रंगतो, तसा काही मराठी घरांत पाटावरच्या हत्तीभोवती भोंडलाही होतो. भोंडल्याच्या गाण्यांचे शब्द छापील पुस्तकांत सापडतात. चाली मात्र घराघरांत वेगळ्या. पाळणा, मंगळागौरीची गाणी, देव्हाऱ्यासमोरची आरती यांचेही तेच. त्यांचे मुद्रण नाही, स्वरलिपी नाही. त्या राहतात आजीच्या, आत्याच्या, मावशीच्या कंठात. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या कुटुंबात तो कंठ पुष्कळदा एकच असतो. तो मिटला की शब्द राहतात आणि चाल जाते.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलाच्या हाती कीबोर्ड दिलात, तर पहिले काम चित्रपटगीताचे न देता घरातील एका चालीचे द्या. आजीला जवळ बसवा. तिने ओळ म्हणावी, नातीने ती पट्ट्यांवर शोधावी, चुकली तर आजीने थांबवावे. चाल बसली की तिची मिडी फाइल ‘स्टँडर्ड मिडी फाइल’ या सर्वमान्य रूपात जतन करावी, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी ती उघडेल. तीन मिनिटांची अशी फाइल छायाचित्राहूनही लहान असते. तिच्या शेजारी आजीच्या आवाजाचे मुद्रणही अवश्य ठेवावे. त्यासाठी साधा मोबाइल पुरे. लिपीत जे मावत नाही, ते त्या आवाजात असेल. गाणाऱ्याचे नाव, तारीख, गाण्याची पट्टी आणि ती चाल मूळ कोणत्या गावची, एवढी नोंद सोबत करावी.

या क्रमाने शिकणाऱ्या मुलाला यंत्र कळतेच. शिवाय स्वर ओळखणारा कान यंत्रात नसून माणसापाशी असतो, हेही कळते. मौलाबक्ष आणि भातखंडे यांच्या लिपी गाऊन दाखवणाऱ्या गुरूच्या साहाय्यास होत्या, त्याच्या जागी नव्हत्या. आपल्या घरात ते गुरुपद आज ज्यांच्याकडे आहे, त्यांना या सुट्टीत एकदा गायला लावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.