जंगल कुणाचं? लहान पक्षांनी विचारलेला प्रश्न



या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षानं वाङ्मयीन प्रवाहांचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. पण झाडीपट्टीची रंगभूमी, कविता, कादंबरी यांवर इथे स्वतंत्र परिसंवाद आहेत आणि तिथे जाणकार बोलणार आहेत. मला आज अशा लिखाणाबद्दल बोलायचं आहे, जे आपण साहित्यात धरत नाही आणि म्हणून जपतही नाही. ते म्हणजे लहान समाजवादी पक्षांची आणि संघटनांची पत्रकं, ठराव, शिबिरांची टिपणं, सभांची इतिवृत्तं.

चंद्रपूर आणि गडचिरोलीचा स्वातंत्र्योत्तर इतिहास नुसत्या निवडणूक निकालांवरून लिहायला बसलो, तर हे पक्ष त्यात जवळजवळ दिसणारच नाहीत. अनेकदा अनामतही राखता न आलेल्या या मंडळींनी मात्र एक प्रश्न सोडला नाही. जंगल कुणाचं? 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात इंग्रजांविरुद्ध लढलेले बाबुराव शेडमाके फासावर गेले, तेव्हापासून तो या मातीत आहे. स्वातंत्र्यानंतर तो राजकारणाच्या भाषेत मांडायचं काम या लहान संघटनांनी केलं आणि त्याचं उत्तर शोधतानाच त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

समाजवाद्यांची फाटाफूट हा आपल्याकडे थट्टेचा विषय होऊन बसला आहे. 1934 साली काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला, 1948 मध्ये तो काँग्रेसबाहेर पडला, 1952 मध्ये प्रजा समाजवादी पक्ष झाला. 1955 मध्ये डॉ. राममनोहर लोहिया बाहेर पडले, 1964 मध्ये पुन्हा जोडणी झाली, 1965 मध्ये पुन्हा दुफळी. 1971 मध्ये एकोपा आणि 1977 मध्ये सगळेच जनता पक्षात विलीन. ही जंत्री ऐकून हसणाऱ्यांना मी इतकंच सांगेन की भांडणाचा विषय क्षुल्लक नव्हता. 1953 साली आपल्या शेजारच्या बैतूलला प्रजा समाजवादी पक्षाचं अधिवेशन झालं. मागासलेल्या अर्थव्यवस्थेत विरोधी पक्षानंही सरकारला काही बाबतींत साथ द्यावी लागेल, असं अशोक मेहतांनी तिथे मांडलं. तेच मेहता पुढच्या वर्षी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत गेले. लोहियांना ही भूमिका मान्य नव्हती. आपल्याच पक्षाच्या त्रावणकोर-कोचीन सरकारच्या पोलिसांनी 1954 मध्ये गोळीबार केला, तेव्हा त्यांनी आपल्याच मुख्यमंत्र्याचा राजीनामा मागितला. सत्तेच्या किती जवळ जायचं आणि जवळ गेल्यावर स्वतःला कोणता नियम लावायचा, हे ते भांडण होतं. आजही ते मिटलेलं नाही.

हे मतभेद कागदावर सूक्ष्म वाटतात. जंगलाच्या प्रश्नाला लावून पाहिले की लख्ख दिसतात.

पहिलं उत्तर होतं राष्ट्रीयीकरणाचं. कम्युनिस्ट आणि बरेचसे समाजवादी यांचं त्यावर एकमत होतं. संपत्ती सरकारच्या हाती आली की कष्टकऱ्याची पिळवणूक थांबेल, असा त्यांना भरवसा होता. 1973 मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि घुग्घुस, माजरी, बल्लारपूरच्या खाणकामगाराला त्याचा खरोखर फायदा झाला. ठेकेदाराची मर्जी गेली, नोकरीला नियम आले. लाल बावट्याची आयटक आणि समाजवाद्यांची हिंद मजदूर सभा यांनी तो कामगार संघटित केला होता. पण त्याच सुमारास जंगलात काय झालं ते पाहा. 1969 च्या कायद्यानं महाराष्ट्रात तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारनं आपल्या नियंत्रणात घेतला. मालक सरकार झालं, म्हणजे वनखातं झालं. फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, पुडे मोजून देणारी बाई मात्र मजूरच राहिली. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पहाटे उठून जंगलात जायचं, दुपारपर्यंत पानं आणायची, घरातल्या सगळ्यांनी मिळून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मुन्शीसमोर मांडायचे. त्यानं बाजूला टाकलेला पुडा मोजणीत धरला जात नाही. राष्ट्रीयीकरणानं त्या मोजणीत तिला बोलायला जागा दिली नाही. एकच मागणी खाणीत एक फळ देते आणि जंगलात दुसरं, हे ज्या पक्षांना वेळीच कळलं नाही, त्यांचा जंगलातला आधार सुटत गेला.

दुसरं उत्तर आंबेडकरी चळवळीचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, 1947 मध्ये घटना समितीपुढच्या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करण्याची योजना मांडली. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, चंद्रपुरात त्यांनी धम्मदीक्षा दिली. त्याच वर्षी लोहिया आणि त्यांच्यात भेटून एकत्र येण्याविषयी पत्रव्यवहार चालू होता. बाबासाहेबांच्या निधनानं ती भेट राहून गेली. चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे रिपब्लिकन पक्षाचे नेते म्हणून पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. 1964 च्या डिसेंबरात याच पक्षानं भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला, तुरुंग भरले. आपल्याकडच्या जबरानजोतीच्या, म्हणजे पट्ट्याविना कसलेल्या वनजमिनीच्या, प्रश्नाला त्या सत्याग्रहानं बळ दिलं. वनजमीन कसणाऱ्याला चोर ठरवू नका, पट्टा द्या, ही मागणी इथल्या गरीब शेतकऱ्याला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

तिसरं उत्तर विकेंद्रीकरणाचं. लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवरच्या राज्याची कल्पना मांडली. जयप्रकाश नारायणांनी 1975 च्या आरंभी छात्र युवा संघर्ष वाहिनी उभी केली. तिशी ओलांडलेल्यानं बाजूला व्हायचं आणि निवडणूक लढवायची नाही, असा तिचा दंडक होता. त्या वाहिनीतून आलेले चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावचे देवाजी तोफा यांनी जे घडवलं, त्याकडे मी पुढे येतो.

चौथं उत्तर सीमेपलीकडून ऐकू आलं. कोरचीच्या पूर्वेला, दल्लीराजहराच्या लोहखाणींत शंकर गुहा नियोगींनी 1977 मध्ये कामगार संघटना बांधली. तिचा झेंडा लाल आणि हिरवा होता, कामगारांचा आणि शेतकऱ्यांचा. कामगारांच्या वर्गणीतून 1983 मध्ये शहीद रुग्णालय उभं राहिलं, 1985 मध्ये त्यांचा एक आमदार निवडून आला, आणि 28 सप्टेंबर 1991 रोजी नियोगींचा खून झाला. दारूबंदी, दवाखाना, शाळा ही कामगार संघटनेची कामं असू शकतात, हे त्या संघटनेनं दाखवून दिलं.

आता या सगळ्यांच्या बांधणीकडे आणि बोलण्याच्या पद्धतीकडे येतो, कारण लेखक म्हणून आपला संबंध तिथेच येतो. कम्युनिस्टांची शाखा असे, सभासदाची लेव्ही असे, वरून आलेलं परिपत्रक शाखेत वाचलं जाई. समाजवाद्यांचं राष्ट्र सेवा दल होतं, 1941 पासूनचं. शाखा, शिबिर आणि कलापथक ही त्यांची साधनं. साने गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948 ला सुरू केलेलं ‘साधना’ साप्ताहिक कार्यकर्त्याला विचारांचं बळ देत असे. रिपब्लिकनांचा आधार वस्ती, विहार आणि गायनपार्टी होती. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबर या तारखांना बोलावणं लागत नव्हतं. शेतकरी कामगार पक्षाचा पाया रायगड आणि सांगोल्याकडे पक्का झाला. इथे तो लहान राहिला, तरी गडचिरोलीत त्याचा लाल झेंडा आजही मोर्च्यात दिसतो.

यातलं बरंचसं लिखाण पुण्या-मुंबईत तयार होई आणि टपालानं चांद्याला येई. त्याची मराठी शुद्ध होती, विचार उंच होता. पण भामरागडच्या माडियाला, कोरचीच्या गोंडाला, पोंभुर्ण्याच्या शेतमजुराला त्यातलं किती पोचत होतं? त्या काळी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एस. एम. जोशींसारखे समाजवादी आघाडीवर होते आणि इकडे वेगळ्या विदर्भाची भावना तीव्र होती. इथल्या माणसाचं म्हणणं त्या टपालातून उलट दिशेनं जात नव्हतं. 1962 मध्ये चांदा मतदारसंघानं आदिवासी नेते लालश्याम शाह यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं आणि त्यांनी आदिवासींच्या प्रश्नावर राजीनामा दिला. कोणत्याच पक्षाची छापील भाषा त्यांच्या माणसांची नव्हती, हे त्यातून सर्वांनी ओळखायला हवं होतं.

1980 च्या सुमारास तेलंगणातून नक्षलवादी दलं प्राणहिता ओलांडून आली. त्यानंतर बंदूक आणि पोलीस ठाणं यांच्यामध्ये उघडपणे, सभा घेऊन, पत्रक वाटून काम करणाऱ्या माणसाची जागा आक्रसत गेली. दोन्हीकडून त्याच्यावर संशय. तरीही याच काळात इंद्रावतीवरचं भोपालपट्टनम आणि गोदावरीवरचं इंचमपल्ली ही धरणं थांबवण्यासाठी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. त्यात लालश्याम शाह होते, बाबा आमटे होते, समाजवादी होते, सर्वोदयी होते, आणि मुख्य म्हणजे आदिवासी स्वतः होते. ती धरणं झाली नाहीत. लहान संघटनांच्या बेरजेतून काय होऊ शकतं, याचा एवढा स्पष्ट दाखला दुसरा नाही.

मेंढ्यात त्या आंदोलनानंतर एक वेगळी रीत रुजली. एखादा विषय आधी अभ्यास गटात येतो. तिथे गावकरी असतात, बाहेरचा जाणकारही असतो; तो माहिती देतो, प्रश्न विचारतो, पण निर्णय तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत, बायका-पुरुष दोघांच्या हजेरीत, आणि तोही बहुमतानं नाही तर सर्वांच्या सहमतीनं. एकाचंही म्हणणं राहिलं असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. वेळ लागतो. पण ठरलेलं टिकतं, कारण हरलेला गट गावात शिल्लक राहत नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या रीतीच्या पाठबळावर उभी राहिली. 2006 चा वनहक्क कायदा झाल्यावर 2009 मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे कोरचीत ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा बांधली. 2017 च्या जिल्हा परिषद निवडणुकीत ग्रामसभांनी स्वतःचे उमेदवार उभे केले आणि भामरागडमधून लालसू नोगोटी निवडून आले.

मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. लहान पक्षाचं आयुष्य त्याच्या जाहीरनाम्यावर ठरत नाही. समर्थकाचं म्हणणं वरपर्यंत नेण्याची त्याची रीत काय आहे, यावर ठरतं. ज्यांच्याकडे फक्त सांगण्याची साधनं होती, ते नेता गेला, मासिक बंद पडलं की संपले. ज्यांनी ऐकण्याची रीत बसवली, त्यांचं काम पक्षाचं नाव पुसलं गेलं तरी चालू राहिलं. हल्ली मोबाईलवर निरोप क्षणात शंभर गावांत जातो; त्याला उत्तर आलं तर ते कुठे नोंदलं जातं, कोण वाचतं, एवढंच मी प्रत्येक संघटनेला विचारेन.

ग्रामसभेच्या बाजूनं बोलताना बाबासाहेबांचा आक्षेप मी बाजूला सारणार नाही. गाव म्हटलं की त्यांना जातीची उतरंड दिसत होती आणि ती होतीच. एकजिनसी गोंड गावात सहमती सोपी. ब्रह्मपुरी-नागभीडच्या मिश्र वस्तीच्या गावात भूमिहीन दलिताचं, विधवेचं, ढिवराचं म्हणणं सहमतीच्या नावाखाली दाबलं जाऊ शकतं. म्हणून ग्रामसभेच्या वाटेनं जाणाऱ्यांनी रिपब्लिकन चळवळीकडून हा प्रश्न रोज विचारून घेतला पाहिजे, आणि रिपब्लिकनांनी ग्रामसभेच्या बैठकीत येऊन तो विचारला पाहिजे. 1956 मध्ये राहून गेलेली भेट आपल्या गावात घडवून आणता येईल.

यासाठी साहित्यिकांनी काय करायचं? तीन कामं मी या व्यासपीठावरून मागतो.

पहिलं, जुन्या कार्यकर्त्यांच्या घरातली पत्रकं, पावतीपुस्तकं, टिपणवह्या, मोर्च्यांचे फोटो गोळा करावेत. अनेक घरांत ती वाळवीच्या तोंडी आहेत. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ 2011 पासून आहे. त्यानं यासाठी एक दालन द्यावं आणि ते सर्वांना खुलं ठेवावं.

दुसरं, वनहक्क कायदा, आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याचे नियम, ग्रामसभेचे ठराव माडिया, गोंडी आणि झाडीबोलीत लिहायला आपण हात लावावा. मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. त्या शाळेतल्या मुलांना वाचायला पुस्तकं कोण देणार? हे काम कवितेपेक्षा कमी प्रतीचं नाही.

तिसरं, ग्रामसभेच्या वहीत बायकांचं बोलणं त्यांच्या शब्दांत नोंदलं जाईल, यासाठी आपल्यापैकी प्रत्येकानं एका गावाशी नातं जोडावं. गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी झाली ती बायकांच्या रेट्यानं. त्या सभांमध्ये त्या काय बोलल्या, याची फारच थोडी नोंद आपल्याकडे आहे.

पुढच्या संमेलनात कवितांबरोबर या तीन कामांचाही हिशेब मांडला जावा, असा ठराव या संमेलनानं करावा, ही माझी विनंती आहे. जंगल कुणाचं, याचं उत्तर इथल्या माणसांनी अर्धं मिळवलं आहे. उरलेलं अर्धं त्यांच्याच भाषेत लिहिलं जावं, एवढी जबाबदारी आपली.