भाजलेल्या विटेचा सातबारा
(जीर्णोद्धार समारंभातील भाषणाचा मजकूर)



मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की जुन्या विटा निघणारच. काही जोत्याच्या भरावात जातात, काही गोठ्याच्या ओट्याला लागतात, काही कुटून त्यांची सुरखी होते. जुन्या विटेला किंमत ती काय, असे सर्वसाधारण मत आहे. ते बरोबर नाही.

विटेच्या मातीत लोहाचे बारीक कण असतात. विटेचा लाल रंग लोहामुळेच. भट्टीत वीट रसरशीत तापली म्हणजे हे कण आपले चुंबकत्व विसरतात. मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाची ही मर्यादा सुमारे ५८० अंश सेल्सिअस आहे. पुढे भट्टी निवू लागली की त्या वेळी पृथ्वीचे चुंबकत्व जेवढे असेल त्या प्रमाणात कणांवर ठसा उमटतो व वीट थंड होताच तो पक्का होतो. तलाठ्याच्या दप्तरी फेरफार मंजूर व्हावा, तसाच हा प्रकार. वीट पुन्हा भट्टीत गेली की जुनी नोंद रद्द, नवी कायम.

ही नोंद वाचण्याची रीत फ्रान्सचे एमिल व ओडेट थेलिए या दांपत्याने १९५९ साली सविस्तर मांडली. विटेचा लहानसा तुकडा टप्प्याटप्प्याने तापवतात. प्रत्येक टप्प्यावर जुने चुंबकत्व किती गेले ते मोजतात, आणि माहीत असलेल्या क्षेत्रात थंड करून नवे किती आले तेही मोजतात. समजा, प्रयोगशाळेतील क्षेत्र ४० मायक्रोटेस्ला ठेवले व जुने चुंबकत्व नव्याच्या दीडपट भरले, तर वीट भाजली तेव्हा पृथ्वीचे क्षेत्र ६० होते. हिशेब साध्या त्रैराशिकाचा. कष्ट मात्र फार, आणि तापवताना कणांचे स्वरूपच बदलले तर तो तुकडा बाद.

यात एक सोय मोठी आहे. पूर्वी चुंबकसूची कोणत्या दिशेला वळत होती हे पाहायचे तर भट्टी जागची हललेली चालत नाही. तीव्रतेला ती अट नाही. भिंतीतून निघालेली, चार हात फिरलेली, उकिरड्यावर पडलेली वीटसुद्धा चालते. तिचे वय तेवढे ठाऊक हवे.

इराकातील प्राचीन राजे विटांवर आपले नाव उमटवीत. २०२३ साली १२ राजांच्या नावांच्या ३२ विटा तपासून त्या काळचे चुंबकत्व काढण्यात आले. राजाचे नाव हाच वयाचा दाखला. भारतातील गेल्या ४००० वर्षांच्या तीव्रतेवर आर. एन. आठवले यांचा लेख ‘नेचर’मध्ये १९६६ सालीच आला होता. नागपूर जिल्ह्यात विटांची उणीव नाही. रामटेकजवळ मनसरला १९९८ पासून झालेल्या उत्खननात वाकाटक काळातील विटांचे भव्य बांधकाम उघडे पडले. प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे अनेक विद्वान मानतात. महामहोपाध्याय मिराशी पवनारकडे बोट दाखवीत. तो वाद विद्वानांनी मिटवावा. विटा पंधराशे वर्षांच्या आहेत, एवढे पुरे.

हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. सूर्याकडून येणाऱ्या विद्युत्भारित कणांना पृथ्वीचे चुंबकत्व अडवते. जर्मनीत गाउस यांनी १८३२ साली त्याची तीव्रता मोजली, तेव्हापासून हे चुंबकत्व सुमारे नऊ टक्क्यांनी घटले आहे. मुंबईत कुलाब्याला मोजणी चाले. विजेच्या ट्रामचा अडथळा होणार म्हणून १९०४ साली ती अलिबागला नेली. म्हणजे यंत्राचे दप्तर दोनशे वर्षांचेही नाही. ही घट नेहमीचा चढउतार आहे की काही वेगळे, हे ठरवायला मागचे दप्तर विटा-खापरांतच शोधावे लागते.

तेव्हा जुन्या भिंतीच्या दहा-पाच विटा वेगळ्या ठेवाव्यात. कोणत्या भिंतीच्या, कोणत्या थरातल्या, हे कागदावर लिहून सोबत बांधावे. त्यांची चूल मांडू नये. वीट फार मोठ्या आकाराची किंवा खुणेची निघाली तर काम थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवावे. कार्यालय नागपुरातच आहे. नव्या विटा कोणत्या भट्टीच्या व कोणत्या महिन्यात भाजलेल्या, हेही देणगीदारांच्या यादीखाली एका ओळीत नोंदवता येईल. संगमरवरी पाटीवर नावे आहेतच. विटांच्या नोंदीला जागा थोडीच लागते.