शेजारणीचा सूर
(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकू मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यवाहांनी फोन करून सांगितलं, "वहिनी, तुम्ही त्या इंग्रजी कोरसात गाता ना, त्यावर दहा मिनिटं बोला, तोवर कैरीची डाळ आणि पन्हं तयार होईल." तेव्हा भाषण कंटाळवाणं झालं तरी पुढची सोय पक्की आहे.

आमचा गायकवृंद हौशी. बँकेतले, शाळेतले, दोन डॉक्टर, एक निवृत्त रेल्वे गार्ड. यंदा ईस्टरच्या आधी आमचा वसंतातला कार्यक्रम झाला. चेन्नईत वसंत फक्त पंचांगात येतो, पण नाव तेच. हांडेलच्या 'मेसाया'मधले भाग, साथीला वाद्यवृंद आणि एकट्याने गायच्या जागांसाठी चार पाहुणे कलाकार. हे संगीत आता बहुतेक ठिकाणी नाताळात गातात, पण त्याचा पहिला प्रयोग झाला १३ एप्रिल १७४२ रोजी, डब्लिनला, तोही कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या आणि रुग्णालयांच्या मदतीसाठी. गर्दी होणार म्हणून बायकांनी झग्याखालचा पसरट सांगाडा न घालता आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं, अशी आधीच विनंती केली होती. आपल्याकडे गणपतीत छत्र्या आणि पिशव्यांबद्दल अशी विनंती करावी असं मला फार दिवस वाटतंय.

काही जणींनी मला विचारलं, हे परकं गाणं कशाला? पण मद्रास म्युझिकल असोसिएशन ही इथली संस्था १८९३ सालची, म्हणजे टिळकांच्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्या वर्षातलीच. तिकडे पुण्यात मेळ्यांची पोरं एकसुरात गात होती, तेव्हा इकडे मंडळी चार सुरांत गात होती. त्याही आधी आपल्या तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारी (१७९८ ते १८३२) युरोपीय वाद्यांचा बँड होता. मुत्तुस्वामी दीक्षितरांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत पदं रचली. त्यांच्या 'संततं पाहिमाम्'ची चाल चक्क इंग्रजांच्या राष्ट्रगीताची आहे. आणि १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी संयुक्त राष्ट्रसंघात कांचीच्या परमाचार्यांचं 'मैत्रीं भजत' गायलं, त्याला चाल लावली होती आपल्या वसंत देसाईंनी. हे तुमच्या तमिळ शेजारणीला सांगून बघा. मला त्या दिवशी दोनदा कॉफी मिळाली.

आता मूळ गोष्ट. चार सुरांतला आमचा आवाज 'आल्टो', म्हणजे बायकांतला खालचा. गाण्याची चाल बहुतेक वेळा वरच्या सोप्रानोकडे. आम्हाला मिळतात मधले सूर, एकेकदा चार मात्रा एकच स्वर. घरी एकटीने म्हटलं तर शेजारी विचारतील, बरं आहे ना? मला त्यांची स्वरलिपी वाचता येत नव्हती, म्हणून मी कागदावर पेन्सिलीने सरगम लिहिली. ती दुसऱ्या पानावर फसली, कारण गाणं चालू असताना ह्यांचा 'सा'च जागा बदलतो. शेवटी कान हाच आधार.

तिसऱ्या तालमीला मास्टरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "आल्टोमध्ये मला एकच बाई ऐकू येते आहे." सगळ्या इकडेतिकडे बघू लागल्या. मीही बघितलं. ती बाई मीच होते. लहानपणापासून आरतीत पुढे उभं राहून सांगायची सवय, आवाज खणखणीत, त्याचं सगळीकडे कौतुकच झालेलं. मास्टर म्हणाले, "अम्मा, शेजारणीचा आवाज ऐकू येईल इतपतच गा. तो ऐकू येईनासा झाला, तर तुम्ही जास्त गाताय." मला राग आला. बसमध्ये घरापर्यंत राग होता.

वाद्यवृंद फक्त शेवटच्या दोन तालमींना आला. त्यातले बरेच व्हायोलिनवाले कोडंबाक्कमच्या सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणारे, कागद समोर ठेवला की वाजवतात. बाहेरच्या दमट हवेतून थंडगार हॉलमध्ये आलं की तारा उतरतात, म्हणून पुन्हा पुन्हा सूर जुळवणं चाललेलं. सगळे ओबोच्या एका स्वराला आपापलं वाद्य लावतात. पाहुणी सोप्रानो गाऊ लागली तेव्हा ही सगळी वाद्यं तिच्यासाठी एवढी खाली आली की तिचा श्वास घेतलेलाही ऐकू आला. मागे उभ्या उभ्या मला एकदम आमच्या सासूबाई आठवल्या.

त्यांना तुम्ही ओळखता. इथल्या पहिल्या काही गणपतींत आरत्या त्याच सांगायच्या. आता वय ८४. मागच्या वर्षी त्या आरतीला उभ्या होत्या, टाळ्या वाजवत होत्या, पण ओठ हलत नव्हते. घरी आल्यावर मी विचारलं, "आई, बरं वाटत नव्हतं का?" त्या म्हणाल्या, "अगं, मी एक ओळ श्वास घेऊन म्हणते, तोवर तुम्ही दोन पुढे गेलेल्या असता. आणि तुमच्या आवाजात मला माझाच आवाज सापडत नाही." तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं होतं. पुढे कोण उभं होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

कार्यक्रमानंतर घरी देवापुढे आम्ही दोघींनीच आरती म्हटली. मी आल्टोसारखी, त्यांच्या खाली. गती त्यांची. एक आरती म्हणायला आम्हाला चांगली सहा मिनिटं लागली. मध्ये त्या एक कडवं विसरल्या, मी थांबले, मग त्यांना आठवलं.

तेव्हा माझी सूचना अशी, आणि अध्यक्षांनी ती मान्य केली आहे. यंदा निदान एक आरती आपण बसवून म्हणू. चार सूर नकोत, एकच पुरे. झांजा दोनच, मुलांनी त्यावरून भांडू नये. मुलं मराठी वाचत नाहीत, त्यांना ऐकूनच शिकवावं लागेल. सांगायला सासूबाई बसतील, खुर्चीत, माइकशिवाय, आणि बाकीच्यांनी त्या ऐकू येतील इतपत गायचं. सराव जुलैपासून दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता, आमच्याकडे. पेटी आहे. तबल्याला कुणी असेल तर आज जाताना मला नाव सांगून जा. मी मागच्या रांगेत उभी राहणार आहे.